तांते ग्रीटचं पुढचं दार

खडीसाखरेची वाटी हातात धरून मी उंबऱ्यात उभी होते, आणि रस्त्यावरची माणसं एकेक करून डोक्यावरच्या टोप्या काढत होती.

झाउटवीकला येऊन आम्हांला आठवडासुद्धा झाला नव्हता. हॉलंडच्या किनाऱ्यावरचं हे एवढंसं गाव; समुद्राच्या बाजूला उंच बांध, बांधाच्या पोटाशी विटांची बुटकी घरं आणि मधोमध एक देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च. खाडीच्या तोंडावर मोठं धरण बांधायचं काम चाललं होतं. ते काम शिकून यायला बंदर खात्याने यांना पाठवलं होतं, आणि यांच्यामागून मी आले होते. गावातल्या एका म्हाताऱ्या विधवा बाईंच्या घरी माडीवर दोन खोल्या मिळाल्या. बाईंचं नाव ग्रीट. सारा गाव त्यांना तांते ग्रीट म्हणे. तांते म्हणजे मावशी, हा मला आलेला त्यांच्या भाषेतला पहिला शब्द.

माझा एक नेम होता. दिवेलागणीला घराचं पुढचं दार उघडायचं, उंबऱ्यावर रांगोळीची रेघ ओढायची, तेलवात करायची आणि लक्ष्मी आत येईल एवढा वेळ दार उघडं ठेवायचं. श्रीवर्धनला माहेरी आई करायची, सासरी सासूबाई करायच्या, तसंच मीही करत आले होते. पण या खेपेला गोष्ट नुसत्या रिवाजाची राहिली नव्हती. दोनदा माझी कूस भरून रिकामी झाली होती. तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं ते निघायच्या तोंडावर. ओटी भरताना सासूबाई हळूच म्हणाल्या होत्या, की तिकडे सणवार जमणार नाहीत, सोवळंओवळं जमणार नाही, राहू दे. मूल हातात येईपर्यंत तेवढी तिन्हीसांजेची वेळ चुकवू नकोस. मी देवापुढे पाणी सोडून शब्द दिला होता.

पहिले काही दिवस प्रवासाच्या शिणाने पडूनच गेले; दिवा तेवढा उशाशी लावत होते. घरातली ये-जा सगळी मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून चाले. मला वाटलं, चिखलाच्या चपला पुढे नकोत म्हणून असेल. त्या संध्याकाळी तांते बाजारात गेल्या होत्या, हे कामावर होते, घरात मी एकटी. पुढच्या बोळात गेले, तर तिथे एक भलंमोठं काळपट हिरवं दार. घर नवं आणि दार जुनं, हे बघताक्षणी कळत होतं. त्याला वर एक, खाली एक असे दोन अडसर. ते सहजी सरकेनात, तेव्हा मी माडीवरून खलबत्त्यातला बत्ता आणला आणि ठोकून ठोकून सरकवले. दार उघडलं, समुद्राचा गार वारा तोंडावर आला, आणि मला खरंच प्रसन्न वाटलं. तांदळाच्या पिठाची रेघ ओढली, निरांजन ठेवलं, हात जोडले.

डोळे उघडून बघते तर समोरच्या घरातले उंच म्हातारे गृहस्थ रस्त्यात थबकून उभे. माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि घाईने आत गेले. बाहेर आले ते काळा कोट चढवून. मग पलीकडच्या घरातून एक जोडपं आलं. बायका कमरेचे एप्रन सोडून येत होत्या, पुरुष टोप्या काढून छातीशी धरत होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बघता बघता रस्त्याच्या दोन्ही कडांना दोन रांगा झाल्या.

माझा ऊर भरून आला. परक्या मुलखात नवी सून आली म्हणून सगळी आळी बघायला आली, असं मला वाटलं. मी पदर सारखा केला, सगळ्यांना नमस्कार केला आणि नैवेद्याची खडीसाखर एकेकाच्या हातावर ठेवत गेले. ती त्यांनी मुकाट घेतली. एका हातात टोपी, दुसऱ्या तळव्यावर खडीसाखरेचा खडा, अशी ती माणसं उभी राहिली. एका तरुण बाईने डोळे पुसले, तेव्हा किती ही माया, असंच माझ्या मनात आलं.

तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला तांते ग्रीट दिसल्या.

त्या थांबल्या. हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली, अंडी असावीत इतकी जपून. मग त्या दोन रांगांमधून चालत आल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. त्या काळ्या कोटातल्या म्हाताऱ्यांसमोर उभं राहून त्यांनी दोनच शब्दांत काहीतरी विचारलं. म्हाताऱ्यांनी नकारार्थी मान हलवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

तांते उंबरा ओलांडून आत आल्या नाहीत. शेजारच्या बोळकांडीतून वळसा घालून त्या मागल्या दाराने आत शिरल्या, घरातून चालत माझ्या पाठीशी आल्या, मला दंडाला धरून आत घेतलं आणि दार लावलं. दोन्ही अडसर सरकवले. माझं निरांजन बाहेरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते म्हातारे गृहस्थ आले. बास्टियान त्यांचं नाव. चर्चचे राखणदार आणि तांतेंचे थोरले दीर. तरुणपणी बोटीवर होते, मुंबई बंदर पाहिलेलं, त्यामुळे इंग्रजी बोलत. ते मला बांधावर घेऊन गेले आणि समुद्राकडे हात करून म्हणाले, की गाव तिथं होतं.

मला आधी कळलंच नाही. समोर नुसतं पाणी. त्यांनी सांगितलं, की जुनं चर्च त्या पाण्याखाली आहे. त्याच्याही पलीकडे त्याआधीचं. समुद्र पुढे यायचा, गाव मागे सरायचं. विटा, कौलं जे नेता येईल ते न्यायचे, नाही तर सोडायचे. पण प्रत्येक घराने आपलं पुढचं दार मात्र उतरवून पाठीवर आणलं. घरं गेली, दारं राहिली. ग्रीटच्या घराचं दार गावातलं सगळ्यांत जुनं.

मग आवाज खाली आणून त्यांनी दाराची रीत सांगितली. झाउटवीकमध्ये पुढचं दार दोनदाच उघडतं. नवरी आत येते तेव्हा आणि मेलेलं माणूस बाहेर जातं तेव्हा. एरवी नाही.

मी विचारलं, माणूस समुद्रात गेला आणि सापडलाच नाही तर?

"तर घरची बाई एक दिवस ठरवते," बास्टियान म्हणाले, "आणि संध्याकाळी रिकामं दार उघडते. आम्ही टोप्या काढून उभे राहतो. त्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये नाव वाचलं जातं. तोवर तो माणूस मेला असं गावात कुणी म्हणत नाही."

वीसेक वर्षांपूर्वी मोठा पूर आला होता. बांध फुटला, शेजारच्या वाडीतली माणसं छपरांवर अडकली. तांतेंचा मुलगा वाउटर तराफ्यासारखी सपाट होडी घेऊन त्यांना आणायला गेला. दोन खेपा केल्या, तिसऱ्यांदा गेला तो आलाच नाही. पुरात गेलेल्या बाकी सगळ्यांसाठी गावाने दारं उघडली. तांतेंनी उघडलं नाही. वर्षांमागून वर्षं गेली. आणि काल गावाला वाटलं, शेवटी ग्रीटचं मन तयार झालं.

"त्यांनी तुम्हांला काय विचारलं काल?"

"कुठे सापडला, असं विचारलं."

त्या रविवारी गावात कुजबूज झाली. काहींचं म्हणणं, एकदा उघडलं ते उघडलं, परकीचा हात देवानेच घातला असेल. नाव वाचून टाका, म्हातारीही सुटेल. बास्टियाननी मानलं नाही. अजाणता उघडलेलं दार धरायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. तांते मात्र त्या रविवारी चर्चला गेल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच गेल्या नाहीत, असं नंतर कळलं.

यांना फार लाज वाटली. शहरात जागा बघतो म्हणाले. पण तांतेंनी बास्टियानकरवी निरोप दिला, की पोटुशी बाई कुठे फिरवता, राहा इथेच. फक्त ते दार तेवढं नको.

मग मी मागल्या दाराशी दिवा लावू लागले. तिथे कोंबड्यांचं खुराडं, कोबीचा वाफा आणि राखेची बादली. आमच्याकडे मागल्या दाराने खरकटं जातं, तिथून लक्ष्मीला कसं बोलवायचं? मी रोज तिची क्षमा मागे आणि रोज वाटे, की शब्द मोडतेय. रात्री कूस बदलताना पोटावर हात ठेवून मी चाहूल घेत राही.

थंडी वाढली तशी आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या शेगडीजवळ बसू लागलो. त्या लोकर विणत, मी बटाटे सोलत असे. त्यांची भाषा मला अशीच, बटाट्यांच्या सालांबरोबर येत गेली. माझ्या 'कुमुद' या नावाचा शेवट त्यांच्या जिभेवर 'त' होई. त्या माझी गंमतही करायच्या, की तू वाती वळतेस आणि मी मोजे विणते, दोघींचीही बोटं रिकामी बसायला भितात. जेवणाआधी आणि जेवणानंतर त्या पोथी वाचल्यासारखा आपला धर्मग्रंथ वाचत. देवाला धरून असलेली बाई होती ती. आणि त्यांचाही एक नेम होता. रोज संध्याकाळी लोकरीच्या मोज्यांचा एक जोड त्या शेगडीजवळच्या तारेवर ऊब घ्यायला टाकत आणि सकाळी घडी करून ठेवत. मी एकदा विचारलं, कुणाचे?

"पाय ओले असतील ना," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा विणायला लागल्या.

हिवाळ्याच्या अखेरीस माझं दुखणं निघालं. पहिल्या दोन खेपांना जसं झालं होतं तशीच सुरुवात. डॉक्टर आले, अंथरुणातून उठायचं नाही म्हणाले, आणि मूल राहील याची खात्री देता येत नाही, असंही म्हणाले. हे कामावरून येत आणि माझ्या पायाशी नुसते बसून राहत. मला एकच दिसत होतं. मी शब्द दिला होता आणि घराचं दार बंद होतं.

एका संध्याकाळी राहवलं नाही. भिंतीला धरून एकेक पायरी उतरत मी खाली आले. हातात निरांजन. बोळातला अंधार, समोर ते दार. मी वरच्या अडसराला हात घातला.

"कुमुत."

तांते माझ्या मागे उभ्या होत्या. हातात तो मोज्यांचा जोड.

मी रडतच बोलले. मोडक्यातोडक्या त्यांच्या भाषेत बोलले. एकदाच उघडू द्या, म्हणाले. संध्याकाळी कुणाला दिसणार नाही एवढंच, बोटभर. माझं मूल जगायला हवं.

त्यांनी मला बोलू दिलं. मग जवळ आल्या आणि माझा हात अडसरावर होता त्यावर आपला हात ठेवला. ओढला नाही.

"तुझं मूल यायचं आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझंही यायचं आहे."

आम्ही तशाच उभ्या राहिलो. आजवर मला वाटत होतं, की त्या बाईला मरण मान्य नाही म्हणून ती हटून बसली आहे. त्या बोळात कळलं की तसं नव्हतं. मी जशी पोटावर हात ठेवून चाहूल घेत होते, तशीच तीही घेत होती, आणि माझ्या कितीतरी आधीपासून. माझं दार उघडलं तर तिचं मूल जाणार होतं.

मी हात काढून घेतला. दोघींनी मिळून माझं निरांजन मागल्या दाराशी लावलं. त्यांनी राखेची बादली आपल्या हाताने उचलून दूर नेऊन ठेवली आणि उंबरा ओल्या फडक्याने पुसून दिला.

देवाने माझी लाज राखली म्हणा किंवा अंथरुणावर पडून राहिल्याचं फळ म्हणा, दुखणं हळूहळू ओसरलं. पण भीती गेली नाही.

वसंतात एक दिवस हे फार आनंदात घरी आले. स्वयंपाकघरात तांतेंसमोर बसून कॉफी घेता घेता सांगायला लागले, की धरणाचं शेवटचं तोंड येत्या बुधवारी बंद होणार. इतकी वर्षं चाललेलं काम. आता या गावाला समुद्राची भीती म्हणून उरणार नाही.

तांतेंनी सुया थांबवल्या. "मग भरती?"

"भरती बाहेरच," हे म्हणाले. "खाडीत थेंबही यायचा नाही."

"आणि पाण्याबरोबर जे येतं ते?"

यांना प्रश्न कळला नाही. ते वाळूचं, गाळाचं काहीबाही सांगत राहिले. मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला, तेव्हा गप्प झाले. तांतेंनी विणकाम गुंडाळून परडीत ठेवलं. त्या संध्याकाळी तारेवर मोजे पडले नाहीत.

मंगळवारी दुपारी त्या बास्टियानकडे जाऊन आल्या. अंगातले कपडे बदलून काळा झगा घातला, केस विंचरले, आणि दिवेलागण व्हायला लागली तशी मला हाक मारली.

बोळात त्यांनी एक खुर्ची आणून ठेवली होती. स्वतः त्या दारापासून लांब, जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या.

"तुझी ती देवी," त्या म्हणाल्या, "संध्याकाळीच येते ना? पुढच्या दाराने?"

मी हो म्हटलं.

"मग आधी तिला आत येऊ दे. रिकाम्या दारातून तो एकटा गेला असं मला नको. कुणीतरी आत येऊ दे, मग तो जाईल. आणि अडसर माझ्याने सरकणार नाहीत."

मग त्यांनी जिन्याकडे बोट दाखवलं. "बास्टियान म्हणाला, तुमच्यात पोटुशा बाईने असल्या वेळी समोर उभं राहू नये. तुझ्या नवऱ्याने सांगितलं त्याला. तू उघड आणि वर जा. मी काही मनात आणणार नाही."

खरं होतं ते. गर्भारपणी प्रेतयात्रा दृष्टीस पडू देऊ नये, हे मला लहानपणापासून सांगितलेलं. तिथे प्रेत नव्हतं, पण निरोप तोच होता. दोन गेलेली मुलं माझ्या डोळ्यांपुढे आली. सासूबाई आल्या. मी देवापुढे सोडलेलं पाणी आलं.

हिवाळ्यात खाऱ्या वाऱ्याने अडसर पुन्हा गंजले होते. मी निरांजनातलं थोडं तिळाचं तेल त्यांवर सोडलं आणि बत्ता घेतला. खालचा सरकला. वरचा सरकला. दार मी पूर्ण उघडलं, भिंतीला टेकेपर्यंत. पिठाची रेघ ओढली, दिवा ठेवला, हात जोडले आणि मनात म्हटलं, ये. तुला वाट बघायला लावली, पण ये.

बाहेर दोन रांगा उभ्या होत्या. या वेळी सगळ्यांना ठाऊक होतं. बास्टियान काळ्या कोटात सर्वांत पुढे, उघड्या डोक्याने. वारा नव्हता. बांधापलीकडे शेवटची भरती येत होती, तिचा आवाज घरात येत होता.

मी वर गेले नाही. दाराची कड धरून उभी राहिले, कारण वारा सुटून दार आपटलं असतं तर ते त्यांनी कसं सोसलं असतं?

तांते जिन्यापासून निघाल्या. मोज्यांचा तो जोड त्यांनी छातीशी धरला होता. उंबऱ्यापर्यंत आल्या, वाकल्या, आणि दिव्याच्या पलीकडे, बाहेरच्या पायरीवर तो ठेवला. जुळवून, पुढची टोकं रस्त्याकडे करून. मग मुलाचं नाव घेतलं. तेवढंच. मोठ्याने नाही, पण रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं असावं, कारण त्याने मान खाली घातली.

बास्टियाननी पुढे होऊन मोजे उचलले आणि चर्चकडे चालायला लागले. रांगा त्यांच्यामागून गेल्या. रस्ता मोकळा झाला.

माणूस गेल्यावर दार लगेच लावायचं, अशी गावाची रीत. मी तांतेंकडे बघितलं. त्या खुर्चीवर बसल्या होत्या, हात मांडीवर, बोटं रिकामी. मी दार ओढायला घेतलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तुझी वेळ अजून संपलेली नाही."

दिवा शांत होईपर्यंत आम्ही दोघी त्या उघड्या दारात बसून होतो. दुसऱ्या दिवशी खाडीचं तोंड बंद झालं, आणि त्यानंतरच्या रविवारी वाउटरचं नाव वाचलं गेलं.

जूनमध्ये माझी रेवती झाली. इस्पितळातून तिला घेऊन आलो तेव्हा हे सवयीने बोळकांडीकडे वळले. तांतेंनी हाताने थांबवलं. पुढचं दार उघडं होतं, आणि उंबऱ्यावर पिठाची रेघ होती. वेडीवाकडी, नवख्या हाताने ओढलेली. दार उघडं बघून आळीतली माणसं बाहेर आली. बास्टियानही आले. हात सवयीने टोपीकडे गेला, मग माझ्या हातातल्या दुपट्याकडे त्यांचं लक्ष गेलं, आणि त्यांनी ती टोपी दोन्ही हातांनी डोक्यावर घट्ट दाबून बसवली.